५.५६ मिमी इन्सास रायफल: निरोपाच्या वेळचे परीक्षण

उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे तयार होणाऱ्या एके-२०३ रायफली जसजशा पलटणींच्या शस्त्रागारांत पोहोचत आहेत, तसतशी भारतीय पायदळाने दोन दशकांहून अधिक काळ खांद्यावर वागवलेली इन्सास रायफल मागे सरकत आहे. एखाद्या वस्तूचे परीक्षण ती नवी असताना करण्याची प्रथा आहे. शस्त्राच्या बाबतीत मात्र ते निरोपाच्या वेळी केलेले बरे, कारण चाचणीच्या मैदानावर न दिसलेले गुणदोष तोवर उघड झालेले असतात. माझे मत आधीच सांगून टाकतो: या रायफलीची नळी चांगली आहे, मॅगझिन (गोळ्या भरून रायफलीला लावायची पेटी) वाईट होते, आणि दोन्ही बनवून सैनिकाच्या हाती देणारी व्यवस्था सर्वांत कच्ची निघाली.

१९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांच्या हाती .३०३ ची बोल्ट ओढून एकेक गोळी झाडणारी रायफल होती. त्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ मिमी एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल आली. बेल्जियमच्या एफएएल रायफलीच्या धर्तीवरची ही रायफल दमदार आणि भरवशाची होती; पण ती लांब होती, जड होती आणि तिची गोळीही जड होती. ७.६२ × ५१ मिमीचे एक काडतूस साधारण २४ ग्रॅम भरते, तर ५.५६ × ४५ मिमीचे साधारण १२ ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात जवान जवळजवळ दुप्पट गोळ्या नेऊ शकतो. १९८० च्या सुमारास नाटो देशांनी ५.५६ मिमीचे नवे काडतूस प्रमाण म्हणून स्वीकारले आणि आपल्याकडेही तोच विचार सुरू झाला. ऐंशीच्या दशकात पुण्यात पाषाण येथे असलेल्या आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे एआरडीई या संस्थेकडे नव्या शस्त्राची आखणी सोपवण्यात आली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे परीक्षण तिच्यावर अवलंबून आहे. पुण्याकडे मागितलेली गोष्ट एक सुटी रायफल नव्हती. इन्सास म्हणजे इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम; या नावातच सांगितल्याप्रमाणे रायफल, लाइट मशीनगन आणि कार्बाइन (आखूड, हलकी बंदूक) असे एकाच घराण्यातले तीन भाऊ अपेक्षित होते. तिघांचे काडतूस एक, शक्य तेवढे सुटे भाग सामाईक, आणि साफसफाईपासून प्रशिक्षणापर्यंतचा धडा जवळपास सारखा. दारूगोळा पुरवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या कल्पनेचे मोल फार मोठे आहे. सेक्शनमधल्या दहा जणांपैकी कोणाची गोळी संपली तरी शेजारच्याच्या पिशवीतली चालते. खेचरावर किंवा हेलिकॉप्टरमध्ये एकाच प्रकारची पेटी चढते. डेपोत तीन वेगळ्या खणांची गरज उरत नाही. लाइट मशीनगनचे ३० गोळ्यांचे मॅगझिन रायफलीतही बसते, ही सोय त्याच विचारातून आली. कागदावर ही आखणी अतिशय समंजस होती, आणि आजही ती वाचताना आखणाऱ्यांच्या बुद्धीविषयी आदर वाटतो.

पण तीन भावांपैकी कार्बाइन लष्कराच्या पसंतीस उतरलीच नाही. जवळच्या लढाईसाठी ९ मिमीची जुनी स्टर्लिंग धर्तीची कार्बाइनच चालू राहिली. लाइट मशीनगन आली, परंतु ती गोळ्यांच्या लांब पट्ट्यावर न चालता मॅगझिनवर चालणारी असल्यामुळे सलग मारा करण्याची तिची ताकद मर्यादित होती. एकंदरीत, ज्या 'सिस्टिम'साठी खटाटोप केला तिच्यातून एक रायफल आणि एक अर्धी समाधानकारक मशीनगन हाती लागली.

रायफलीच्या रचनेकडे पाहिले, तर तिच्यात अनेक परदेशी शस्त्रांचे अंश दिसतात. फिरणारा बोल्ट आणि रिसीव्हरची (बोल्ट सामावणाऱ्या मुख्य सांगाड्याची) ठेवण एके घराण्यातल्या एकेएमच्या वळणाची, गोळीमागच्या वायूचा दाब कमी-जास्त करणारा गॅस रेग्युलेटर एफएएलच्या वळणाचा, आणि डाव्या बाजूला पुढे असलेले, बोल्ट मागे ओढण्याचे कॉकिंग हँडल जर्मन रायफलींची आठवण करून देणारे. या उसनवारीबद्दल पुष्कळांनी नाके मुरडली आहेत. मला तो आक्षेप पटत नाही. जगातली बहुतेक यशस्वी शस्त्रे आधीच्या शस्त्रांवरूनच घडली आहेत, आणि सिद्ध झालेले भाग घेऊन नवे शस्त्र बांधणे हा शहाणपणाचाच मार्ग आहे. प्रश्न एवढाच असतो की वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेले भाग एकत्र बसवल्यावर त्यांच्यातला मेळ किती बारकाईने जमवला गेला.

चांगल्या बाजूबद्दल बोलायचे, तर ही रायफल नेमबाजासाठी सुखकर आहे. धक्का कमी बसतो, त्यामुळे नवख्या रिक्रूटचा खांदा दुखत नाही आणि तो गोळी झाडताना डोळे मिटत नाही. ४६४ मिमी लांबीच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा आहे, त्यामुळे ती गंजत नाही आणि झीजही सावकाश होते. सुमारे ४०० मीटरपर्यंतच्या तिच्या परिणामकारक टप्प्यात एकेक गोळी नीट साधून झाडली, तर अचूकतेबाबत तक्रारीला जागा उरत नाही. एके घराण्याच्या जुन्या रायफलींशी तुलना केली तर या एका बाबतीत इन्सास सरस आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. पारभासक मॅगझिनमुळे किती गोळ्या उरल्या आहेत हे न काढता दिसते, हीदेखील विचारपूर्वक केलेली सोय होती. दुर्दैवाने तेच मॅगझिन पुढे सर्वांत बदनाम झाले.

माऱ्याचा प्रकार निवडण्याच्या कळीवर, म्हणजे चेंज लिव्हरवर, सुरक्षित स्थितीखेरीज एकेक गोळी आणि तीन गोळ्यांची फैर असे दोनच पर्याय आहेत. घोडा दाबून धरला की मॅगझिन रिकामे होईपर्यंत चालणारा मारा मूळ रायफलीत नाही. यामागे गोळ्यांची काटकसर होती. घाबरलेला सैनिक काही सेकंदांत मॅगझिन रिकामे करतो, हा अनुभव जगभरच्या सैन्यांना होता. मात्र तीन गोळ्या मोजून थांबणारी यंत्रणा ट्रिगरच्या घडणीत जास्तीचे बारीक भाग आणते, आणि बारीक भाग म्हटले की घडाईतल्या अचूकतेची मागणी वाढते. रायफलीचे उत्पादन ईशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्ली येथील सरकारी कारखान्यांत होत होते. पुण्याच्या प्रयोगशाळेत जपून बनवलेल्या नमुन्याला जे साधते, ते लाखोंच्या संख्येने बनणाऱ्या मालाला साधेलच याची हमी आखणी देत नाही. ती कारखान्यातल्या तपासणीने द्यायची असते.

उशीर हा या प्रकल्पाचा जन्मजात दोष. ऐंशीच्या दशकात आखणी सुरू झालेली रायफल नव्वदचे दशक संपत आले तरी सर्वांच्या हाती पोहोचली नव्हती. दरम्यान काश्मीरमध्ये दहशतवाद्यांच्या हाती एके-४७ आल्या आणि एसएलआर घेऊन गल्लीबोळांत शिरणाऱ्या जवानांची अडचण होऊ लागली, तेव्हा सरकारने परदेशातून एके धर्तीच्या रायफली मोठ्या संख्येने मागवल्या. म्हणजे इन्सासने ज्या शस्त्राची जागा घ्यायची होती ती जागा भरायला दुसरेच शस्त्र आले, आणि जवानांना त्याची सवयही लागली. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात इन्सास लोकांसमोर आली. पुढच्याच वर्षी कारगिल घडले.

मे ते जुलै १९९९ या काळात द्रास, बटालिक आणि मश्कोहच्या डोंगरांवर, ५ हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर ही रायफल पहिल्यांदा खऱ्या युद्धात वापरली गेली. उन्हाळ्यातही तिथे रात्री गोठवणाऱ्या असतात. त्या थंडीत प्लास्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. गोळ्या अडकल्या. तीन गोळ्यांच्या फैरीवर लावलेली रायफल कधी थांबायचे नाव न घेता झाडतच राहिली. आतले तेल उडून नेमबाजाच्या डोळ्यांत गेल्याच्याही तक्रारी झाल्या. यातली प्रत्येक तक्रार वेगवेगळी घेतली तर क्षुल्लक वाटेल, पण कड्यावर चढताना समोरच्या बंकरमधून मारा होत असताना मॅगझिनच्या कडेला गेलेली चीर क्षुल्लक राहत नाही. तडकलेल्या मॅगझिनमधली गोळी वर सरकत नाही, आणि न सरकलेली गोळी म्हणजे त्या क्षणापुरता निःशस्त्र सैनिक.

माझ्या परीक्षणातला मुख्य गुण-दोष निवाडा याच ठिकाणी होतो. मॅगझिन हा रायफलीचा सर्वांत स्वस्त, सर्वांत जास्त संख्येने लागणारा आणि वापरून टाकून देण्याजोगा भाग मानला जातो, म्हणूनच त्याच्या धातूकडे किंवा प्लास्टिकच्या प्रतीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ज्या सैन्याला सियाचिन आणि राजस्थानचे वाळवंट अशी दोन टोके सांभाळायची आहेत, त्याच्या शस्त्राचे प्लास्टिक दोन्ही टोकांना टिकते की नाही, ही चाचणी कागदावर असून भागत नाही. मालाच्या प्रत्येक खेपेतून नमुने काढून ती पुन्हापुन्हा करावी लागते. पुढे २००१ मध्ये १बी१ ही सुधारित आवृत्ती आली आणि बऱ्याच दोषांवर उपाय झाला, तरी मॅगझिनविषयीची कुरकुर पूर्ण थांबली नाही. एकदा जवानाच्या मनातून उतरलेले शस्त्र दुरुस्त करून परत दिले, तरी तो त्याच्याकडे संशयानेच पाहतो.

बाहेरच्या ग्राहकाचाही अनुभव नोंदवायला हवा. भारताने नेपाळच्या सेनेला या रायफली दिल्या होत्या. ऑगस्ट २००५ मध्ये कालिकोट जिल्ह्यातील पिली येथे माओवाद्यांच्या हल्ल्यात नेपाळी सैनिकांची मोठी हानी झाल्यावर तिथल्या लष्करी प्रवक्त्याने लढाई चालू असताना इन्सास बंद पडल्याचे सांगितले. भारतीय दूतावासाचे उत्तर असे होते की वापरात चूक झाली असावी आणि योग्य वापराचे प्रशिक्षण देण्यास आम्ही तयार आहोत. विक्रीपश्चात सेवेच्या दृष्टीने हे उत्तर मला अगदीच तोकडे वाटते. शस्त्र दीर्घकाळ माऱ्यानंतर तापून अडत असेल, तर तो वापरणाऱ्याचा दोष म्हणता येत नाही, कारण लढाई किती वेळ चालेल हे वापरणारा ठरवत नसतो. देशातही केंद्रीय राखीव पोलीस दलाने नक्षलग्रस्त भागासाठी इन्सासऐवजी एके रायफलींचा आग्रह धरला, आणि २०१५ मध्ये त्या दलाच्या काही तुकड्यांसाठी तसा बदल सुरूही झाला.

गोळीच्या आकाराबद्दलचा वादही थोडक्यात पाहू. ५.५६ मिमीच्या बाजूने नेहमी असे सांगितले जाई की शत्रूचा एक सैनिक जखमी झाला की त्याला उचलायला आणखी दोघे गुंततात. दोन नियमित सैन्यांच्या लढाईत या हिशेबाला काही अर्थ असेल. मरायच्या तयारीनेच आलेल्या घुसखोराला उचलायला कोणी येत नाही आणि जखमी झाला तरी तो झाडत राहतो. काश्मीरमधल्या जवानांची एकेला पसंती यामुळेही होती. हा दोष रायफल बनवणाऱ्यांच्या माथी मारणे अन्याय्य आहे. मागणी लिहिणाऱ्याने जी लढाई डोळ्यांसमोर ठेवली तिच्यापेक्षा वेगळी लढाई वाट्याला आली, इतकेच.

यानंतरची खरेदी पाहिली की मूळ कल्पनेचे काय झाले ते कळते. एकाच रायफलीत दोन आकारांच्या नळ्या बदलता याव्यात अशी मागणी २०११ मध्ये निघाली आणि २०१५ मध्ये रद्द झाली. २०१९ मध्ये अमेरिकी बनावटीच्या ७२,४०० सिग-७१६ रायफली घेण्याचा करार झाला. त्यांचे काडतूस ७.६२ × ५१ मिमी, म्हणजे जड म्हणून सोडून दिलेल्या एसएलआरचेच. २०२० मध्ये इस्रायलकडून १६,४७९ नेगेव्ह मशीनगन मागवल्या, त्याही ७.६२ × ५१ मिमीच्या. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ चा करार झाला. त्यांचे काडतूस ७.६२ × ३९ मिमी. शिल्लक इन्सास ५.५६ वर आहेतच. एका काडतुसाचे स्वप्न पाहून सुरू झालेला प्रवास तीन काडतुसांवर येऊन थांबला, आणि हा भार दारूगोळ्याचे कारखाने, डेपो आणि आघाडीवर रसद सांभाळणारा क्वार्टरमास्टर या सर्वांनी मिळून वाहायचा आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना, जिथे ५.५६ ची काडतुसे बनतात, तो सरकारी शस्त्र कारखान्यांच्या २०२१ मधल्या पुनर्रचनेनंतर पुण्यातील खडकी येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे, तर रायफलींचे कारखाने कानपूरच्या वेगळ्या कंपनीकडे गेले. शस्त्र एका कंपनीचे आणि गोळी दुसऱ्या कंपनीची, अशा व्यवस्थेत एखादी रायफल अडली तर जबाबदार कोण, हे ठरवायला पूर्वीपेक्षा सोपे जाईल की अवघड, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. माझा कल अवघडकडे आहे.

आता शेवटचा, व्यावहारिक प्रश्न. राज्यांच्या पोलीस दलांनी आणि प्रशिक्षण केंद्रांनी आपल्याकडच्या इन्सास ठेवाव्यात का? पहारा, बंदोबस्त, राखीव तुकड्या आणि रिक्रूटांचे नेमबाजीचे शिक्षण यांसाठी माझे उत्तर स्पष्टपणे होकारार्थी आहे. .३०३ किंवा थकलेली एसएलआर घेऊन उभ्या असलेल्या शिपायाच्या दृष्टीने ही रायफल पुष्कळ पुढची आहे. मात्र १बी१ पूर्वीच्या रायफली घेऊ नयेत. जुनी मॅगझिने डोळ्यांनी तपासून भागणार नाही. ती गोळ्या भरून झाडून पाहावीत आणि कडेला किंवा ओठाला बारीक चीर दिसली तरी सरळ मोडीत काढावीत. मागची साइट ब्रीचच्या (नळीमागच्या भागाच्या) झाकणाच्या टोकाला बसलेली असल्याने झाकण उघडून साफसफाई झाल्यावर झीरोइंग, म्हणजे साइट आणि गोळी यांचा मेळ, पुन्हा पडताळावे. तेल कमी वापरावे, पुल-थ्रू (नळीतून ओढायची सफाईची दोरी) आणि चिंधी जास्त वापरावी. आणि जंगलातल्या चकमकीसाठी जाणाऱ्या पथकाला ही रायफल देऊ नये.