काळा घोडा: आधी चित्रं, मग मटण

मुंबईला जाऊन मॉल आणि चौपाटी करून परत येणाऱ्या समस्त कोल्हापूरकरांनो, एक आख्खा दिवस काळा घोडा परिसराला द्या आणि जेवण पण तिथंच करा, खिसा हलका होतो पण पैसा वसूल आहे. आम्ही तिघं होतो, मी, ताई आणि दाजी, महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो, चहा-नाष्टा उरकला आणि चालतच निघालो, टॅक्सी करायची काही गरज नाही.

पहिलं म्युझियम. जुन्या लोकांचं प्रिन्स ऑफ वेल्स, आता छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. 1922 ला लोकांसाठी उघडलं, त्याआधी पहिल्या महायुद्धात या इमारतीत हॉस्पिटल चालायचं. डिझाइन जॉर्ज विटेटचं, घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. दाजी म्हणाले, हे तर आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेस राजवाड्यासारखं दिसतंय की. बरोबर आहे त्यांचं, हीच देशी-इंग्रजी मिसळलेली शैली न्यू पॅलेस बांधणाऱ्या वास्तुविशारद चार्ल्स मँटनं आपल्याकडं तीसेक वर्षं आधी आणलेली. आत लघुचित्रांच्या दालनात घाई करू नका, जवळ जाऊन बघा, एकेक पापणी वेगळी काढलीय. टाटांनी दिलेली युरोपियन चित्रं पण आहेत, ती ताईला आवडली, मला एवढी नाही.

तिथनं चार पावलांवर जहांगीर आर्ट गॅलरी, आणि माझं मत विचाराल तर सगळ्या दिवसातला खरा माल इथं आहे. 1952 पासून चालू, तिकीट शून्य. प्रदर्शनं साधारण आठवड्याला बदलतात, त्यामुळं आज तुम्ही बघाल ते पुढच्या वेळी नसणार. आणि चित्रकार स्वतः तिथंच खुर्ची टाकून बसलेला असतो ओ! आम्ही गेलो तेव्हा एका हॉलमध्ये जलरंग लागलेले, नदी, घाट, पावसातल्या गल्ल्या. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये चित्रकार आबालाल रहिमानांची कामं बघून मोठे झालेलो आपण, जलरंगात कोण हातचं राखून काम करतंय ते कळतं आपल्याला. हा गडी राखत नव्हता. पांढरा रंग वापरलाच नव्हता कुठं, जिथं उजेड पाहिजे तिथं कागदच कोरा सोडलेला, मी विचारलं तर खूश होऊन कागद किती ओला असताना ब्रश लावायचा तिथपासून सगळं सांगत बसला. दाजींनी हळूच किंमत विचारली आणि हळूच मागं सरकले. ज्यांचं बजेट दाजींएवढंच आहे त्यांनी बाहेर फुटपाथवर बघावं, तिथं पण चित्रकार बसतात, काहीजण समोर बसवून पोर्ट्रेट काढून देतात.

म्युझियमसमोरच्या एनजीएमएत, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, वेळ असेल तर जा, गोल गोल वर चढत बघायची गॅलरी आहे, आमचे पाय तोवर बोलायला लागलेले.

जेवायला खैबर. एम. जी. रोडवरच, जहांगीरपासून चालत. 1958 सालचं हॉटेल, आणि इथं निवडायचं कारण म्हणजे भिंतींवर एम. एफ. हुसेन आणि अंजली इला मेनन या चित्रकारांची कामं आहेत, म्हणजे चित्रं बघणं जेवताना पण सुटत नाही. उजेड मंद, दगडी-लाकडी काम, वेटर मागं उभं राहून घाई करत नाहीत. आम्ही रान मागवलं. बकऱ्याची आख्खी मांडी, मुरवून मंद आचेवर शिजवलेली, काटा लावला की हाडापासून सुटते. आता कोल्हापूरकर मटणाची परीक्षा रश्श्यावर घेतो, दाजींनी पण पहिला प्रश्न तोच केला, "रस्सा कुठाय?" रस्सा नाही दाजी, इथं सगळं मांसावरच आहे, मसाला मागं आणि मटणाची चव पुढं. दुसऱ्या घासानंतर ते काही बोलले नाहीत, नानसोबत काळी डाळ ओढून घेतली आणि मान खाली. तिघांत एक रान, डाळ आणि नान भरपूर झालं, कबाब आधी मागवू नका, पोट तिथंच भरतं. बिल चार आकडी येणार हे धरूनच चला.

याच्या उलट, मागं एकदा मुंबईतच एका टेस्टिंग मेन्यूवाल्या, म्हणजे थोडं थोडं करून बरेच पदार्थ वाढणाऱ्या, ठिकाणी गेलेलो, नाव नको. मोठ्या बशीत मधोमध दोन बोटांएवढं मटण, वर फूल, आणि नावात कोल्हापुरी. कांदा-लसूण मसाल्याचा वास पण नाही, नुसती लाल मिरची. दिसायला छान होतं, फोटो पण काढला, पण बाहेर पडून वडापाव खाल्ला.

जाणाऱ्यांनी सोमवार टाळा, एनजीएमए बंद असतं. आणि खैबरला दुपारचंच टेबल फोनवरनं सांगून ठेवा, कारण परतीची महालक्ष्मी रात्री आठनंतर लगेच सुटते, रात्रीचं जेवण धराल तर गाडी तरी चुकेल नाहीतर रान तरी अर्धं राहील.