ट्रान्सअ‍ॅनल टीएमईची दोन दिवसांची कॅडॅव्हर कार्यशाळा : एका सहभागी सर्जनचा अभिप्राय

अरुंद कटिपोकळीचा लठ्ठ पुरुष रुग्ण आणि गुदद्वारापासून चार-पाच सेंटिमीटरवरची कर्करोगाची गाठ असा योग आला, की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या सर्जनचेही हात पोटाच्या बाजूने शेवटच्या टप्प्यात अडखळतात. हाच टप्पा गुदद्वारातून वर जात सोडवण्याचे तंत्र म्हणजे ट्रान्सअ‍ॅनल टीएमई (टोटल मेसोरेक्टल एक्सिजन). माणसावरील अशी पहिली शस्त्रक्रिया २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. हे तंत्र शिकण्यासाठी मी नुकताच मृतदेहांवर (कॅडॅव्हर) सराव करवणाऱ्या एका कार्यशाळेला जाऊन आलो.

पहिल्या सकाळची व्याख्याने नेटकी होती, पण गुदाशय त्याच्या मेसोरेक्टमच्या, म्हणजे भोवतालच्या चरबीच्या, अखंड वेष्टनासह काढण्याचा ब्रिटिश सर्जन हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलेला विचार समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ होता. खरे शिक्षण दुपारी टेबलाशी सुरू झाले. गाठीच्या खाली बटव्याच्या दोरीसारखा गोल टाका घालून आतडे बंद करायचे, हे ऐकायला सोपे वाटते. परंतु सारी शस्त्रक्रिया त्या टाक्यावर उभी असते. तो सैल राहिला तर कामाला जागा व्हावी म्हणून सोडलेला कार्बन डायऑक्साइड वरच्या आतड्यात शिरून ते फुगते आणि आतला मळ व कर्करोगाच्या पेशी खाली मोकळ्या केलेल्या जागेत उतरतात. माझ्या टाक्याची गाठ बसल्यावर प्रशिक्षकांनी उपकरणाचे टोक तिच्या मधोमध टेकवले आणि ते अलगद आत गेले. काही न बोलता त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. तिसऱ्या खेपेस टाका टिकला. एवढ्यासाठीसुद्धा मी तिथे पुन्हा जाईन.

दुसऱ्या दिवशी आमच्याच टेबलावरील एका सहकाऱ्याने प्रोस्टेटच्या मागून जाण्याऐवजी नकळत पुढची वाट धरली आणि क्षणभरात पडद्यावर मूत्रमार्गात घातलेली लघवीची पिवळट नळी दिसू लागली. मूत्रमार्गाची इजा हा या तंत्राचा खास धोका आहे, कारण वरून काम करणाऱ्याला तो सहसा भेटत नाही. खालून येणाऱ्याला मात्र ओळखीच्या खुणा उलट्या क्रमाने लागतात. प्रशिक्षकांनी काम तिथेच थांबवून चौघांनाही ती जागा बोटाने चाचपायला लावली, हे मला फार मोलाचे वाटले.

उणिवा मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. एका मृतदेहामागे चार सर्जन असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्यक्ष काम थोडेच आले. मृतदेहात रक्तस्राव होत नाही. त्यामुळे त्रिकास्थीसमोरच्या (कण्याच्या तळाच्या हाडासमोरच्या) शिरांकडे भलत्या थरातून गेलो तरी टेबलावर कुणी घाबरत नाही. त्याहून खटकले ते नॉर्वेच्या अनुभवावरचे मौन. तिथे २०१४ ते २०१८ या काळात अशा शस्त्रक्रिया झालेल्या १५७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा २.४ वर्षांत त्याच जागी कर्करोग उलटण्याचे अनुमानित प्रमाण ११.६ टक्के निघाले, तर देशाच्या नोंदवहीत ते २.४ टक्के होते. काहींमध्ये गाठी कटिपोकळीत अनेक ठिकाणी पसरलेल्या आढळल्या आणि तिथे हे तंत्र थांबवण्यात आले. शिकणाऱ्या प्रत्येकाला ही माहिती पहिल्या तासातच मिळायला हवी होती.

हात बसण्यासाठी एका केंद्रावर साधारण ४० रुग्णांचा अनुभव लागतो, असे नेदरलँड्समधील एका अभ्यासात दिसले आहे. वर्षाला दहा-बारा योग्य रुग्ण मिळणाऱ्या रुग्णालयात त्याला तीन-चार वर्षे लागतील, आणि सुरुवातीची किंमत रुग्ण मोजतील. म्हणूनच इंग्लंडमध्ये दुर्बिणीच्या आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी राबवलेली लॅपको ही राष्ट्रीय योजना मला आदर्श वाटते: तिथे अनुभवी सर्जन शिकणाऱ्यासोबत शस्त्रक्रियेला उभे राहत आणि शेवटी काटछाट न केलेल्या चित्रफिती परीक्षक तपासत. आमच्या कार्यशाळेत प्रमाणपत्र दुसऱ्या संध्याकाळीच हातात पडले. पुढच्या शस्त्रक्रियांना सोबत कोण उभे राहील, असे विचारले तेव्हा ते आपापले पाहावे, असे उत्तर मिळाले.

ज्यांच्याकडे खालच्या गुदाशयाचे रुग्ण नियमित येतात आणि सोबतीला जाणता सर्जन मिळण्याची सोय आहे, त्यांनी ही कार्यशाळा जरूर करावी. वर्षाला दोन-तीन रुग्ण असणाऱ्यांनी ते अनुभवी केंद्राकडे पाठवावेत. मी या तंत्रात मुरलेल्या एका ज्येष्ठ सर्जनना पहिल्या दहा शस्त्रक्रियांना उभे राहण्याची विनंती केली आहे. त्यांच्या तारखा मिळेपर्यंत माझ्या रुग्णांची शस्त्रक्रिया जुन्याच वाटेने, वरूनच होईल.