सोयाबीनसाठी हाताने ढकलायचे टोकण यंत्र: अंतराच्या कसोटीवर

दातेरी चाकाचे, हाताने ढकलत न्यायचे टोकण यंत्र (ठरावीक अंतरावर बी टोचून पेरणारे) विकताना दुकानदार आधी बियाण्याची बचत सांगतो, मग मजुरीची. झाडांमधील अंतराचा विषय निघालाच तर ओझरता निघतो. लातूर भागातील काळ्या जमिनीत हे यंत्र वापरल्यावर माझे मत नेमके उलटे झाले आहे. सोयाबीन घेणाऱ्याने ते अंतरासाठीच घ्यावे आणि बियाण्याची बचत वरकड समजावी.

सोयाबीनसाठी आपल्याकडे ४५ बाय ५ सेंटीमीटर अंतर आणि एकरी ३० किलो बियाणे अशी शिफारस आहे. या अंतराने एकरी सुमारे १ लाख ७८ हजार झाडे बसतात. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले, तर ३० किलोत अडीच लाख दाणे येतात आणि उगवण ७० टक्के धरली, तर पावणेदोन लाख झाडे उभी राहतात. म्हणजे कागदावर हिशेब चोख आहे. पाभरीने (बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराने) पेरलेल्या तासात, म्हणजे ओळीत, मात्र तो तसा उतरत नाही. चाड्यावर (बी सोडायच्या वाटीवर) धरणाऱ्याचा हात जसा चालेल तसे बी पडते, त्यामुळे वितभर जागेत आठ-दहा झाडांचा पुंजका उगवतो आणि पुढे हातभर जागा मोकळी राहते. एकरातील झाडांची संख्या बरोबर असूनही अंतर चुकलेले असते, आणि उत्पादनाला फटका बसतो तो इथे.

पुंजक्यातील झाड उजेडासाठी वर धावते. त्याची दोन पेरांमधील लांबी वाढते, खोड बारीक राहते, खालच्या फांद्या फुटत नाहीत आणि सावलीत गेलेली खालची पाने लवकर पिवळी पडून गळतात. अशा झाडाला शेंगा कमी लागतात, त्याही वरच्या अंगाला, आणि ऑगस्टच्या अखेरीस वाऱ्यासह पाऊस आला की ते लोळते. आत हवा खेळत नसल्याने शेंगांवर करपा येतो आणि फवारणीचे औषधही खालपर्यंत पोहोचत नाही. उलट मोकळ्या जागेशेजारचे झाड फांद्या फोडून जागा व्यापते. सोयाबीनमध्ये हा गुण चांगलाच आहे. पण त्यालाही मर्यादा असते. हातभर नांगी (रिकामी राहिलेली जागा) एका झाडाने भरून निघत नाही, तिथे गवत माजते आणि उघड्या जमिनीतली ओल उडून जाते.

आमच्याकडे असलेल्या यंत्राच्या चाकाला जमिनीत शिरून बी सोडणाऱ्या बारा चोची असून दोन चोचींमधील अंतर १० सेंटीमीटर आहे. एकाआड एक चोच काढून जागा झाकणाने बंद केली की ते २० होते. बी टाकणारे रोलर बदलता येतात. एका ठिकाणी दोन दाणे टाकणारा रोलर लावला, तर एका मीटरमध्ये दहा ठिकाणी वीस दाणे पडतात आणि बियाणे एकरी २१ किलोच्या आसपास लागते. मीटरपट्टी धरून उगवण मोजली, तेव्हा बहुतेक ठिकाणी दोन झाडे होती, काही ठिकाणी एक, क्वचित तीन. एखादी जागा रिकामी गेली तरी खंड २० सेंटीमीटरचाच राहतो आणि तो शेजारची झाडे सहज भरून काढतात. जोडीने पडलेल्या बियांचा आणखी एक लाभ आहे: पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन जमिनीवर खपली धरली, तर दोन कोंब मिळून ती एकट्यापेक्षा सहज उचलतात. तीन-चार दाण्यांचा रोलर मात्र घेऊ नये. त्याने पाभरीचाच पुंजका ठरावीक अंतरावर तयार होतो.

यंत्र सांभाळते ते दोन झाडांमधले अंतर. दोन ओळींमधले अंतर चालवणाऱ्याच्या हातात राहते, आणि आमच्या यंत्राला पुढची ओळ आखणारा दांडा नाही. त्यामुळे रिकाम्या पाभरीने आधी ४५ सेंटीमीटरवर काकर (उथळ रेघा) ओढून घ्यावे लागतात. ते टाळले तर ओळी वाकड्या होतात आणि तण काढायला कोळपे चालवताना पश्चात्ताप होतो. ४५ सेंटीमीटरच्या ओळींनी एक एकर टोकायला सुमारे ९ किलोमीटर चालावे लागते. ओळी ३० वर आणल्या की हेच चालणे साडेतेरा किलोमीटर होते. हलक्या जमिनीत, जिथे झाड पसरत नाही, किंवा पेरणी जुलैच्या मध्यापलीकडे गेल्यावर ३० चे अंतर योग्य ठरते, कारण सोयाबीनला फुलोऱ्याची हाक दिवसाच्या लांबीवरून मिळते आणि उशिरा पेरलेले झाड बुटके असतानाच फुलावर येते. फुले संगमसारखा पसरणारा, टपोऱ्या दाण्याचा वाण भारी जमिनीत घ्यायचा असेल, तर ओळी ४५ वरच ठेवून झाडांची संख्या आणखी थोडी कमी ठेवली तरी चालते.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. काळ्या जमिनीत पुरता वापसा (मशागतीजोगी ओल) आला नसेल, तर चोचीत माती दाटते, चोच उघडत नाही आणि चालवणाऱ्याला मागे रिकामे जात असल्याचा पत्ताही लागत नाही. दर फेरीला बांधावर थांबून काडीने चोची साफ कराव्या लागतात. ढेकळे राहिलेल्या रानात खोली सारखी राहत नाही, आणि सोयाबीन ५ सेंटीमीटरपेक्षा खोल गेले की उगवण घटते. रोलरवरचा ब्रश कडक असल्याने काही दाणे फुटून त्यांच्या डाळी होतात. सोयाबीनचे साल पातळ असल्याने हे नुकसान मक्याच्या मानाने जास्त दिसते. रायझोबियम (नत्र मिळवून देणारे जिवाणू खत) लावलेले बी सावलीत पुरते सुकवले नाही, तर ते रोलरच्या खाचेत चिकटते. सुटा ब्रश विक्रेत्याकडे मिळाला नाही. सोबतच्या माहितीपत्रकात सोयाबीनसाठी कोणता रोलर घ्यावा, हेही लिहिलेले नव्हते.

दोन-अडीच एकरांपर्यंत सोयाबीन असणाऱ्या आणि घरची दोन माणसे आलटून पालटून चालू शकणाऱ्या कुटुंबाने हे यंत्र जरूर घ्यावे. त्याहून मोठ्या रानासाठी ट्रॅक्टरचलित रुंद वरंबा सरी यंत्र भाड्याने आणणे बरे, कारण त्यात रुंद वरंब्यावर, म्हणजे गादीवर, चार ओळी एकाच अंतरावर पडतात आणि बाजूच्या सऱ्यांतून जादा पाणी निघून जाते. दोन्हींचा मेळही बसतो: वरंबे ट्रॅक्टरने पाडून घ्यावेत आणि पहिल्या ७५ ते १०० मिलिमीटर पावसानंतर वापसा आला की टोकण या यंत्राने करावी. खरेदी करताना दुकानातच मूठभर सोयाबीन घालून चाक फरशीवर फिरवून पाहावे आणि पडलेल्या दाण्यांत डाळी किती झाल्या ते मोजावे.