रॅम्पच्या अनुदानापायी ३४,९५० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

दिव्यांगांच्या घरदुरुस्तीसाठी १ लाख ७५ हजारांचं अनुदान मिळवून देतो म्हणत कुणी दारात आलं, तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. आमचे ३४,९५० रुपये गेलेत. सांगायची लाज वाटते, पण मी गप्प बसले तर तो पुढच्या घरी जाणारच.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून त्या व्हीलचेअरवर आहेत. घर जुनं, जोतं दोन फूट उंच, संडास परसात. रॅम्प, न्हाणीत धरायला दांड्या, कमोड आणि गळकं छप्पर, एवढं करायचं होतं. त्यांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आलं आणि पाठोपाठ हा माणूस हजर. कार्डावरची टक्केवारीसुद्धा त्याला पाठ! ती त्याला कुठून मिळाली, याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

त्याचं बोलणं अर्धं खरं होतं, तिथंच घात झाला. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखावे लागतात, हे खरं. घरकुलाला सरकारी अनुदान मिळतं, हेही खरं. पण ते पक्कं घर बांधायला, छप्पर शाकारायला नाही. आणि ते पैसे हप्त्यानं थेट लाभार्थीच्या खात्यावर येतात, मधल्या माणसाच्या हातून नाही.

आधी नोंदणीचे १,१५० घेतले. मग इंजिनिअरच्या इस्टिमेटचे ४,५००. मग ११,८०० जीएसटी म्हणून. शेवटी राजमुद्रा छापलेलं मंजुरीपत्र दाखवून १० टक्के लाभार्थी हिस्सा, १७,५००. लाभार्थी हिस्सा सरकारी योजनांत असतो, आमच्या शेजाऱ्यांनी ठिबकला भरलाय. मग मी का शंका घ्यावी?

पण ११,८०० भरताना क्यूआर स्कॅन केला, तेव्हा स्क्रीनवर नाव आलं ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मोबाईल दुकानाचं. मी विचारलंही. "वहिनी, मार्चएंड आहे, ट्रेझरी बंद, म्हणून वेंडरच्या खात्यावर घेतोय." आणि मी पिन टाकला. ते नाव डोळ्यांसमोर होतं, बोट पिनवर होतं, तिथंच थांबायला हवं होतं. आजही झोपताना तोच स्क्रीन दिसतो. बरं, ते इस्टिमेट तरी? एक फूट उंचीला बारा फूट लांबी हा रॅम्पचा नियम आम्हाला नंतर गवंड्यानं सांगितला. दोन फूट जोत्याला चोवीस फूट हवेत, कागदावर सहाच होते. त्या उतारावरून सासूबाई खुर्चीसकट पालथ्या पडल्या असत्या.

पैसे गेल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० वर, फोन करा, उशीर झाला की खातं गोठवण्याआधीच रक्कम पुढे सरकते. हे मला पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी कुणीही सांगितलं नाही. तिथं ऐकलं ते एवढंच, की "स्वतःच्या हातानं दिलेत ना?" सायबर पोलिसांकडे गेलो तर म्हणाले, माणूस प्रत्यक्ष आला होता, ठाण्यात जा. ठाणं म्हणालं, खातं दुसऱ्या जिल्ह्यातलं, तिकडे जा. हद्दीचं कारण सांगून तक्रार परत पाठवता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्यातलं कलम १७३ वाचून जा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. बँकेनं पिन तुमचाच म्हणून हात झटकले. पंचायत समितीतले साहेब म्हणाले, "अशी योजनाच नाही." मग आहेत त्या योजना फलकावर का लावत नाही? तो ५ टक्के निधी कुठे खर्च होतो, कुणाला मिळतो, हे एका कागदावर चिकटवलं असतं तर तो भामटा आमच्या ओट्यावर बसलाच नसता! माहिती अधिकारात, १० रुपयांचा स्टॅम्प लावून, मी आता तेच विचारलंय.

कार्डाची झेरॉक्स कुणालाही देऊ नका. द्यावीच लागली तर तिच्यावर कशासाठी ते लिहून सही करा. मंजुरीपत्र दाखवलं तर जावक क्रमांक घेऊन त्या कार्यालयात स्वतः जा. अनुदान मिळायच्या आधी दारात येऊन पैसे मागणारा माणूस सरकारचा नसतो. घरात कोण आजारी आहे, हे त्याच्यासमोर बोलू नका, तो तेवढंच धरून बसतो.

त्याचा नंबर अजून चालू आहे. परवा शेजारच्या गावात एका बाईंना फोन आला, त्यांच्या मुलाला पोलिओ आहे. त्यांना त्यानं रक्कम २ लाख १० हजार सांगितली आणि नोंदणीचे १,५०० मागितले. त्यांनी अजून दिलेले नाहीत.