पालीच्या अलीकडचा रेडिएटरवाला: पिकअप आता आंबा घाटात थांबत नाही

एप्रिलमध्ये पेट्या भरून कोल्हापूरला निघालं की आमची पिकअप आंबा घाटात हमखास रुसायची. साखरप्यापर्यंत तापमानाचा काटा मध्यावर गुमान, चढण लागली की सरळ लाल पट्ट्याकडे. मग वळणावर बॉनेट उघडून उभं राहायचं, आणि मागे हापूस उन्हात शिजतोय. आधीच्या एका गॅरेजवाल्याने गाडीला हातही न लावता 'हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधली सीलची पट्टी) गेलं, इंजिन खोलावं लागेल' म्हणून पंचवीस हजार सांगितले. ते ऐकून गाडीआधी मीच तापले.

मग चुलतदिराने हे पत्र्याच्या शेडमधलं दुकान सुचवलं. हातखंब्याहून पालीकडे जाताना लागतं. गाडी मी चालवते, त्यामुळे कुठल्याही गॅरेजात माझ्या मागून 'मालक' उतरतायत का बघायची रीत आहे. इथल्या काकांनी मलाच विचारलं, "वहिनी, पाणी कुठलं घालता?"

खालच्या विहिरीचं, आणखी कुठलं! समुद्र हाकेवर, उन्हाळा लागला की पाणी मचूळ. जे आम्ही चहाला वापरत नाही ते मी रेडिएटरला पाजत होते. "मीठ अ‍ॅल्युमिनियमला खातं," काका म्हणाले. गाडी गार झाल्यावर खालचा पाइप सोडला, तर करडा-तांबूस चहाच बाहेर आला. मूळचं कूलंट माझ्या तांब्या-तांब्याने कधीच पातळ झालं होतं.

मला पटलं ते रेडिएटरच्या झाकणाचं. त्यावर ०.९ छापलेलं. काकांनी ते हातपंपाला लावलं, पंप मारला, काटा ०.३ वर आला न आला तोच फुस्स. स्प्रिंग गेलेली. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, झाकणाने ०.९ बार दाब धरला तर तेच ११८च्या आसपास उकळतं. झाकण ढिलं, म्हणजे घाटात पाणी लवकर उकळणार, वाफ होऊन बाहेर जाणार, आणि मी पुन्हा विहिरीवर.

गळतीही होती. वरच्या प्लास्टिकच्या टाकीच्या सांध्यावर वाळलेल्या कूलंटची पांढरट रेघ. पूर्वीच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाग देऊन भागायचं, ह्या जातीला ते चालत नाही; त्यांनी दात उचकटून रबर बदललं आणि पुन्हा दाबून बसवलं. जाळी आतल्या बाजूने, हलक्या धारेने धुतली. जोरात मारलं तर पाती वाकतात. लाल माती आणि गवताचा चुरा बादलीभर निघाला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, पातेल्यातल्या पाण्यात गरम करून बघितला, ८२ अंशांना उघडला. "काही जण हा काढूनच टाकतात, मग इंजिन थंडच राहतं आणि डिझेल पितं," म्हणून शिव्या हासडल्या. कोणाला दिल्या ते कळलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं. शेवटी झाकण न लावता गार इंजिन सुरू करून पाण्यात बुडबुडे येतात का पाहिलं. गॅस्केट गेलं असतं तर इंजिनातला वायू पाण्यात शिरून बुडबुडे आले असते. एकही नाही. हेड गॅस्केट शाबूत!

झाकण, रबर, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर आणि मजुरी धरून ३,१५० रुपये.

आता कुरबुरी. एका दिवसाचं काम दोन दिवस चाललं, फोन उचलत नाहीत, बसायला एक टायर. बिल मागितल्यावर कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिलं. एक तारा त्याचा कापला. पाचपैकी चार.

त्यानंतर दोनदा भरलेली गाडी घेऊन घाट चढले. काटा मध्याच्या किंचित वर गेला आणि तिथेच बसला.

गाडी नेणार असाल तर सकाळी लवकर न्या. गरम गाडीला काका तासभर हात लावत नाहीत, झाकणही उघडू देत नाहीत, आणि एक ते तीन शेड बंद असते.