थायरॉइड पॅकेज: अहवाल चोख, तपासणी अपुरी

गेली दोन वर्षे मी ज्या लॅबकडून थायरॉइडची तपासणी करून घेते, तिच्या ‘थायरॉइड पॅकेज’विषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हाशिमोटोसारख्या स्वयंप्रतिकार विकारात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते अशा आजारात, काय मोजले आणि काय वगळले यावर रुग्णाचे कित्येक महिने अवलंबून असतात.

या पॅकेजमध्ये टी-३, टी-४ (थायरॉइडची संप्रेरके) आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे, ती मंदावली की वाढणारे संप्रेरक) या तीनच चाचण्या होतात. पहिल्या खेपेस माझा टीएसएच अहवालात छापलेल्या मर्यादेच्या आत, पण वरच्या टोकाशी होता. त्यापुढे ‘नॉर्मल’ असे लिहिलेले पाहून मी थायरॉइडचा विचारच सोडून दिला. थकवा होता, केस गळत होते, पोट साफ होत नव्हते आणि पाळीत रक्तस्राव वाढला होता. लोह कमी झाले तरी थकवा येतो आणि केस गळतात; त्यात थायरॉइड मंदावल्याने पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो आणि त्या रक्तस्रावातून लोह घटू शकते, त्यामुळे मूळ दुखणे कोणते आणि त्याचा परिणाम कोणता हे सांगणे कठीण होऊन बसते. बी-१२ची कमतरता, नैराश्य किंवा रजोनिवृत्तीचा काळ यांतही बरीचशी हीच लक्षणे दिसतात.

मला सर्वांत जास्त गोंधळात टाकले ते त्यानंतरच्या काही आठवड्यांनी. छातीत धडधड सुरू झाली, हात थरथरू लागले, झोप उडाली. म्हणजे मंदावलेल्या थायरॉइडच्या अगदी उलट चित्र. प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात ग्रंथीच्या पेशींना इजा झाली, की आत साठलेले संप्रेरक रक्तात झिरपते आणि तो साठा सरेपर्यंत थायरॉइड वाढल्यासारखी लक्षणे दिसू शकतात, हे मला डॉक्टरांनी पुढे समजावून सांगितले.

त्यांनीच गळा चाचपून अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची (थायरॉइडविरुद्ध प्रतिकारशक्तीने तयार केलेल्या प्रथिनांची) चाचणी लिहून दिली. हाशिमोटोच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत ती सकारात्मक येते, तशी माझीही आली. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली या विकाराचे वर्णन केले ते शस्त्रक्रियेने काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून. आज त्यासाठी बहुधा थोडेसे रक्त पुरते. असे असताना पॅकेजच्या माहितीत या चाचणीचा साधा उल्लेखही नसावा, हे मला पटत नाही. उलट, एकदा ती केल्यावर दर सहा महिन्यांनी पुन्हा करण्याची आठवण लॅब पाठवत राहते, तिचा मला काही उपयोग दिसत नाही. प्रतिपिंडांचा आकडा वरखाली झाला म्हणून थायरॉइडच्या गोळीची मात्रा बदलत नाही. ती प्रामुख्याने टीएसएच पाहून ठरते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. केसांसाठी मी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत होते. काही तपासणी-पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो, पण नमुना देण्यापूर्वीच्या सूचनांत त्याविषयी एक ओळही नव्हती. औषध सुरू झाल्यानंतरच्या एका अहवालात टीएसएच अचानक खाली गेलेला दिसला. डॉक्टरांनी बायोटिनबद्दल विचारले नसते, तर माझी मात्रा विनाकारण कमी झाली असती. काही दिवस बायोटिन बंद ठेवून पुन्हा रक्त दिले, तेव्हा आकडा पूर्वीच्या जागी आला.

बाकी सेवेला नावे ठेवण्यासारखे काही नाही. रक्त घेणारे कर्मचारी कुशल आहेत आणि ठरल्या वेळी पहाटेच येतात, त्यामुळे सकाळची गोळी घेण्याआधी नमुना देता येतो. दिवसाच्या वेळेनुसार टीएसएच बदलत असल्याने दर वेळी एकाच वेळेला रक्त दिले जाणे मला मोलाचे वाटते. अहवाल त्याच संध्याकाळी मिळतो आणि त्यात मागील आकड्यांचा आलेख असतो. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची असते, तेव्हा हा आलेख डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. त्याच्याशेजारी मी वहीतली लक्षणे तारखांसह मांडते. मला धडधड नेमकी कधी सुरू झाली आणि कधी थांबली, हे डॉक्टरांना त्या वहीतूनच कळले.

नोंदणीच्या अर्जात बायोटिनविषयी एक प्रश्न आणि अँटी-टीपीओचा पर्याय घालावा, असे मी लॅबला लेखी कळवले आहे. त्यांपैकी बायोटिनचा प्रश्न मागच्या खेपेस अर्जात दिसला.