डेबियन, मिंट, फेडोरा की टम्बलवीड? अपग्रेड आणि दुरुस्तीच्या बाजूने तुलना

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. संगणक सुस्थितीत आहे, पण विंडोज ११ च्या हार्डवेअरविषयक अटींत तो बसत नाही, अशा अवस्थेतले अनेक जण तेव्हापासून लिनक्सचा विचार करत आहेत आणि कोणते वितरण, म्हणजे लिनक्सचे कोणते तयार रूप, घ्यावे या पहिल्याच प्रश्नावर अडत आहेत. या प्रश्नाची उत्तरे बहुतेक वेळा पडद्यावर काय दिसते यावरून दिली जातात. वास्तविक ग्नोम, केडीई प्लाझ्मा किंवा एक्सएफसीई ही डेस्कटॉप वातावरणे जवळजवळ प्रत्येक मोठ्या वितरणात मिळतात आणि पुढे कधीही बदलता येतात. सहजासहजी बदलता येत नाही ती वितरणाची शिस्त: नवी आवृत्ती किती काळाने येते, ती कशी बसवायची असते, आणि बसवताना बिघाड झालाच तर आधीच्या चालू स्थितीत परत कसे यायचे. माझ्या मते निवड याच तीन प्रश्नांवर व्हावी, म्हणून पुढची तुलनाही त्यांनाच धरून केली आहे.

आवृत्त्यांची गती

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. १२ वी आवृत्ती, म्हणजे बुकवर्म, जून २०२३ मध्ये आली आणि १३ वी, म्हणजे ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ मध्ये. प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण आणि त्यानंतर दोन वर्षे दीर्घकालीन सुरक्षा अपडेट मिळतात. या काळात बहुतेक सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक गोठवलेला असतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या जुन्याच आवृत्तीत आणून बसवल्या जातात.

उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. तिला पाच वर्षे अपडेट मिळतात, आणि उबुंटू प्रो या योजनेत हा काळ दहा वर्षांपर्यंत वाढतो. वैयक्तिक वापरासाठी पाच संगणकांपर्यंत ही योजना विनामूल्य आहे. मधल्या काळात दर सहा महिन्यांनी येणाऱ्या आवृत्त्यांचे आयुष्य मात्र अवघे नऊ महिन्यांचे असते, आणि ज्याला संगणक केवळ कामासाठी हवा आहे त्याने त्यांच्या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही. लिनक्स मिंट उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीवरच उभे असते. जुलै २०२४ मध्ये आलेले मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर आधारलेले असून त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

फेडोरा साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते आणि प्रत्येक आवृत्तीची अपडेट सुमारे तेरा महिन्यांनी थांबतात. ओपनसुसे प्रकल्पाच्या टम्बलवीडमध्ये आवृत्ती ही कल्पनाच नाही. ओपनक्यूए या स्वयंचलित चाचणी व्यवस्थेतून पार पडलेला संपूर्ण संच तिथे सतत प्रसिद्ध होत राहतो, पुष्कळदा आठवड्यातून अनेकदा.

या आकड्यांकडे लोक ‘जुने’ आणि ‘नवे’ अशा नजरेने पाहतात. त्यापेक्षा वर्षातून किती वेळा अपग्रेडला सामोरे जावे लागेल, असा हिशेब करणे अधिक उपयोगाचे आहे. फेडोरात मधली एक आवृत्ती ओलांडता येत असली, तरी वर्षातून एकदा मोठे अपग्रेड करावेच लागते. डेबियनवर ते दोन ते चार वर्षांनी येते, पण तिथे आवृत्ती ओलांडण्याची सोय नाही: ११ वरून १३ वर जायचे असल्यास १२ वर थांबूनच जावे लागते. टम्बलवीडवर रोजचे अपडेट हेच अपग्रेड असते.

नुकताच बाजारात आलेला लॅपटॉप असेल तर हिशेब थोडा उलटतो. नव्या चिपसाठी नवा कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा प्रणालीचा गाभा, लागतो. फेडोरा चालू आवृत्तीतच कर्नल पुढे नेत राहते आणि टम्बलवीड तर सदैव पुढेच असते. डेबियन १३ मात्र ६.१२ या कर्नलच्या मालिकेवर स्थिरावलेले आहे, आणि त्याहून नवा हवा असल्यास तो बॅकपोर्ट्स या डेबियनच्याच वेगळ्या स्रोतातून स्वतः आणावा लागतो. उबुंटू व मिंट यांच्यात दीर्घकालीन आवृत्तीसाठीही नवे कर्नल टप्प्याटप्प्याने येतात, त्यामुळे ते मध्यावर आहेत. डेबियनवर वायफायचे फर्मवेअर वेगळे शोधावे लागते, हा सल्ला मात्र आता कालबाह्य झाला आहे. १२ व्या आवृत्तीपासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येते.

अपग्रेड प्रत्यक्षात कसे होते

डेबियनचे अपग्रेड बव्हंशी हाताने केले जाते. सॉफ्टवेअर जिथून येते त्या स्रोतांच्या यादीत नव्या आवृत्तीचे नाव घालायचे, आधी मर्यादित आणि मग पूर्ण अपग्रेड चालवायचे, आणि त्यापूर्वी प्रकाशन टिपणे वाचायची. हे कंटाळवाणे असले तरी प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर घडते, त्यामुळे चूक कुठे झाली ते कळते. उबुंटूमध्ये हेच काम एक साधन करते. दीर्घकालीन आवृत्तीवरून पुढच्या दीर्घकालीन आवृत्तीवर जाण्याची सूचना मात्र त्या आवृत्तीची पहिली दुरुस्ती आवृत्ती निघेपर्यंत येत नाही, आणि एप्रिलमध्ये नवी आवृत्ती जाहीर होऊनही आपल्याला सूचना का नाही, असे वाटून लोक विनाकारण सेटिंग्ज उचकटत बसतात. मिंटमध्ये २२ वरून २२.१ वर जाणे अपडेट मॅनेजरमधूनच होते. मोठ्या आवृत्तीसाठी वेगळे साधन असते आणि ते सुरुवातीलाच टाइमशिफ्ट या साधनाचा स्नॅपशॉट, म्हणजे प्रणालीच्या त्या क्षणीच्या स्थितीची प्रत, मागते.

फेडोराची पद्धत मला या सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाटते. सर्व पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे बसवायचे गठ्ठे, आधी उतरवून घेतली जातात, मग संगणक पुन्हा सुरू होतो आणि दुसरे काहीही चालू नसताना ती बसवली जातात, त्यामुळे चालू प्रोग्रामच्या पायाखालची फाइल बदलण्याचा प्रकार घडत नाही. टम्बलवीडवर साध्या अपडेटऐवजी संपूर्ण वितरण पुढे नेणारी, झिपर या पॅकेज साधनाची आज्ञाच वापरावी लागते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही.

अपग्रेड फसण्याचे एक मोठे कारण मात्र सर्वत्र सारखेच आहे, आणि ते म्हणजे बाहेरून जोडलेले पॅकेज स्रोत. उबुंटूचे साधन अपग्रेडच्या वेळी असे स्रोत बंद करते, पण त्यांतून आधीच बसलेली पॅकेजेस जागीच राहतात आणि ती ज्यांवर अवलंबून असतात त्या पॅकेजेसच्या नव्या आवृत्त्यांशी त्यांचे जुळेनासे होते. एखादा प्रोग्राम अगदी नव्या आवृत्तीतच हवा असेल तर तो फ्लॅटपॅक म्हणून, म्हणजे लागणारे सर्व काही सोबत आणणाऱ्या स्वतंत्र पॅकेजच्या रूपात, घेणे श्रेयस्कर, कारण मूळ प्रणालीला त्याचा धक्का लागत नाही. उबुंटू यासाठी त्याच धर्तीचे स्वतःचे स्नॅप पुढे करते आणि फायरफॉक्सही त्याच रूपात देते. मिंटने स्नॅप मुळातच अडवून ठेवले आहे. यावर वाद भरपूर होतात, पण निवडीच्या दृष्टीने मी त्याला फारसे महत्त्व देणार नाही.

बिघडल्यावर परत फिरणे

इथे चौघांतला फरक सर्वांत स्पष्ट आहे. टम्बलवीड बीटीआरएफएस ही फाइल प्रणाली आणि स्नॅपर हे साधन जोडीने वापरते. पॅकेजमध्ये कोणताही बदल होण्यापूर्वी आणि झाल्यानंतर स्नॅपशॉट आपोआप घेतला जातो. नव्या अपडेटनंतर पडदा काळाच राहिला, तर सुरुवातीच्या मेन्यूतून आधीचा स्नॅपशॉट निवडायचा, सर्व ठीक चालते याची खात्री करायची आणि एका आज्ञेने तोच कायम करायचा. होम फोल्डर वेगळ्या उपविभागात असल्यामुळे स्वतःच्या फाइलींना हात लागत नाही. यासाठी स्थापनेच्या वेळी सुचवलेली रचना स्वीकारलेली असावी लागते आणि डिस्क पुरेशी मोठी असावी लागते, कारण स्नॅपशॉट जागा खातात. सतत बदलत राहणारे वितरण रोजच्या कामाला वापरण्याचे धाडस करता येते ते केवळ या सोयीमुळे.

मिंटचे टाइमशिफ्ट त्याच दिशेने जाते, परंतु वेळापत्रक आपण ठरवून दिल्याशिवाय ते कामाला लागत नाही. संगणक सुरूच होत नसेल तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून तिथूनही जुना स्नॅपशॉट परत आणता येतो. टाइमशिफ्ट होम फोल्डर आपणहून घेत नाही, आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असेल तर डिस्क गेल्यावर तोही जातो. दस्तऐवजांची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावीच लागते, मग वितरण कोणतेही असो.

फेडोरा वर्कस्टेशनने २०२० मधील ३३ व्या आवृत्तीपासून बीटीआरएफएस स्वीकारले, पण अपडेटपूर्वी स्नॅपशॉट घेण्याची व्यवस्था त्यात आयती लावून दिलेली नाही. शेवटचे तीन कर्नल तेवढे राखलेले असतात. फेडोराचेच सिल्व्हरब्लू हे रूप याबाबतीत फार पुढे आहे: तिथे मूळ प्रणाली एकसंध प्रतिमा म्हणून बदलते आणि आधीची प्रतिमा मेन्यूत शाबूत राहते. मात्र त्यासाठी जवळजवळ सगळे प्रोग्राम फ्लॅटपॅक किंवा कंटेनरमधून (मूळ प्रणालीपासून अलग ठेवलेल्या जागेतून) वापरण्याची सवय लावून घ्यावी लागते. डेबियनमध्ये परतीची आयती वाट नाही. पॅकेजेस जुन्या आवृत्तीवर नेण्याला तिथे पाठिंबाही नाही. पण त्या वाटेची गरजही क्वचितच पडते.

नेहमीचे बिघाड

अपडेटनंतर पडदा काळा राहिल्यास पहिले काम म्हणजे सुरुवातीच्या मेन्यूतून आधीचा कर्नल निवडणे. एकच प्रणाली बसवलेली असल्यास हा मेन्यू पुष्कळदा लपवलेला असतो आणि संगणक सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट कळ दाबल्यावर दिसतो. जुन्या कर्नलवर सर्व ठीक चालले, तर दोष नव्या कर्नलमध्ये किंवा त्याच्यासाठी बनलेल्या ड्रायव्हरमध्ये आहे, हे तिथेच ठरते.

एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेल्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे. फेडोरावर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या स्रोतातून घेतलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पार्श्वभूमीत पुन्हा बांधला जातो. अपडेट संपताक्षणी घाईने संगणक पुन्हा सुरू केला, तर हे काम अर्धवट राहू शकते. टम्बलवीडवर कर्नल ड्रायव्हरच्या पुढे निघून गेल्यामुळे तसाच परिणाम होतो. सिक्युअर बूट, म्हणजे केवळ स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी संगणकाची सोय, चालू असेल तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर कर्नल स्वीकारतच नाही. त्यासाठी किल्ली नोंदवण्याचा निळा पडदा पुढच्या वेळी सुरू होताना एकदा दिसतो आणि अनेक जण तो न वाचताच पुढे जातात. उबुंटू आपले एनव्हिडिया ड्रायव्हर बांधून आणि स्वाक्षरी करून देते. या कार्डाच्या मालकासाठी उबुंटू किंवा मिंट घेण्याचे हे एकच कारणही पुरेसे आहे.

बाकीचे बिघाड कमी गूढ असतात. डिस्क कूटबद्ध केल्यावर बूटचा छोटा विभाग वेगळा असतो आणि तो जुन्या कर्नलनी भरला की अपडेट मध्येच थांबते. न लागणारी पॅकेजेस काढून टाकणे आणि डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला अर्धवट राहिलेली जुळणी पूर्ण करायला सांगणे एवढ्याने डेबियन व उबुंटू कुटुंबात काम भागते. संगणक आणीबाणीच्या स्थितीत सुरू झाला, तर एफएसटॅब या फाइलीत आता जोडलेली नसलेली एखादी डिस्क नोंदलेली आहे का ते पाहावे. बाकी सर्व ठिकाणी जर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या नोंदवहीतील, मागच्या वेळच्या सुरुवातीची नोंद वाचावी आणि मगच इंटरनेटवरील आज्ञा चालवाव्यात.

कोणी काय घ्यावे

पहिल्यांदाच लिनक्स घेणाऱ्याने, किंवा घरातील दुसऱ्या कोणासाठी संगणक तयार करून देणाऱ्याने, मिंट घ्यावे आणि पहिल्याच दिवशी टाइमशिफ्टचे वेळापत्रक लावावे. जुना, हार्डवेअर न बदलणारा संगणक वर्षानुवर्षे तसाच चालावा अशी अपेक्षा असेल आणि प्रकाशन टिपणे वाचण्याची तयारी असेल, तर डेबियन. नवा लॅपटॉप असेल तर फेडोरा. आणि तोच लॅपटॉप असून एनव्हिडिया नसेल, डिस्क मोठी असेल आणि मोठ्या अपग्रेडचा दिवस मुळीच नको असेल, तर टम्बलवीड. आर्च लिनक्स मी पहिली निवड म्हणून सुचवणार नाही: तिथे अर्धवट अपग्रेडला पाठिंबा नाही आणि अपडेटपूर्वी प्रकल्पाच्या घोषणा वाचणे वापरकर्त्याची जबाबदारी मानली जाते. त्याची विकी मात्र कोणत्याही वितरणातील बिघाड समजून घ्यायला उपयोगी पडते.

ठरवलेले वितरण बसवण्यापूर्वी ते पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज, बाहेरचा पडदा आणि झाकण मिटून उघडल्यावर संगणक जागा होतो की नाही, एवढे तपासून घ्यावे. विंडोजही शेजारी ठेवायचे असेल तर डिस्कचे विभाग किंवा सिक्युअर बूट यांना हात लावण्याआधी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची पुनर्प्राप्ती किल्ली काढून दुसरीकडे जपून ठेवावी, कारण त्या बदलांनंतर विंडोज ती मागू शकते आणि तिच्याशिवाय त्या डिस्कवरील फाइली उघडत नाहीत.